आमवातातील पूरक उपचार म्हणून ॲक्युपंक्चर

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजेच आमवात (वैद्यकीय परिभाषेत संधिवाताभ संधिशोथ) या आजारात वेदना व ताठरपणा कमी व्हावा म्हणून, नेहमीच्या औषधोपचाराला जोड देऊन, त्वचेवरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची पद्धत. या नोंदीत ‘पूरक’ हा शब्द काटेकोर अर्थाने घ्यायचा आहे. सुयांमुळे काही रुग्णांचे दुखणे हलके होते, पण सांध्यांची झीज त्यामुळे थांबते असे कोणत्याही विश्वासार्ह अभ्यासात दिसलेले नाही. झीज थांबवण्याचे काम औषधेच करतात.

आमवात हा वयानुसार होणाऱ्या गुडघेदुखीपेक्षा वेगळा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड कुरतडू लागते. जगातील प्रौढांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो होतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. हातापायांचे लहान सांधे, बहुधा दोन्ही बाजूंचे, सुजतात. सकाळी उठल्यावर बोटे तासन्‌तास आखडलेली राहतात. हाडाची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही. म्हणून निदान होताच मेथोट्रेक्झेटसारखी आजाराचा मार्ग बदलणारी औषधे सुरू करतात, आणि ती अपुरी पडली तर बायोलॉजिक किंवा तत्सम नवी औषधे देतात.

सुयांची पद्धत चिनी वैद्यकातली. तिचा सर्वांत जुना सविस्तर आधार म्हणजे ‘हुआंगदी नेइजिंग’ हा दोन हजार वर्षांहून जुना ग्रंथ. वारा, थंडी आणि ओल शरीरात शिरून ‘ची’ या जीवनशक्तीचा प्रवाह अडवतात आणि सांधे दुखू लागतात, असे त्यात सांगितले आहे. या दुखण्यांचा गट ‘बी’ या नावाने ओळखला जातो. आजचा आमवात त्याच गटात बसवला जातो, पण त्या गटात सांधेदुखीचे इतर अनेक प्रकारही येतात. आमवाताचे स्वतंत्र वर्णन पॅरिसमध्ये ऑगस्तँ लांद्रे-बोव्हे यांनी 1800 साली केले. त्यामुळे ‘हजारो वर्षे आमवातावर वापरलेला उपचार’ हा दावा सरळ स्वीकारता येत नाही.

उपचारात केसासारख्या बारीक, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या सुया वापरतात. साधारण वीस ते तीस मिनिटे त्या जागेवर ठेवतात. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला ‘झुसानली’ आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधला ‘हेगू’ हे बिंदू सांधेदुखीसाठी नेहमी निवडले जातात. सुई नीट बसली की तिथे जडपणा, बोथट ठणका किंवा मुंग्या जाणवतात आणि चिकित्सक त्याची वाट पाहतात. काही जण सुयांना मंद विद्युतप्रवाह जोडतात, त्याला इलेक्ट्रोॲक्युपंक्चर म्हणतात. आठवड्यातून एक-दोन बैठका, काही आठवडे, हा सर्वसाधारण क्रम असतो.

सुई टोचल्याने शरीरात काहीतरी घडते, याबद्दल शंका नाही. मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश अडतात, आणि मेंदूत एंडॉर्फिनसारखी, अफूसारखे काम करणारी नैसर्गिक वेदनाशामके स्रवतात. नॅलोक्सोन या अफूविरोधी औषधाने ॲक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणाम कमी होतो, हे 1970च्या दशकातील प्रयोगांत दिसले. ‘नेचर’ या नियतकालिकात 2021 साली आलेल्या संशोधनाने आणखी पुढची दिशा दाखवली. उंदरांच्या मागच्या पायातील झुसानलीच्या जागी विद्युत उत्तेजन दिले, तर काही विशिष्ट चेतापेशींमार्फत व्हेगस चेता (मेंदूपासून छाती-पोटातील अवयवांपर्यंत जाणारी चेता) आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी यांची साखळी जागी होते व दाह, म्हणजे आतली सूज, कमी होतो. हे संशोधन खरोखर रोमांचक आहे, पण त्यातून माणसाच्या आमवाताबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तो दाह तीव्र आणि अल्पकाळचा होता, आणि आमवाताचा दाह वर्षानुवर्षे चालतो.

माणसांवरच्या चाचण्यांचे चित्र मात्र निराशाजनक आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2005च्या आढाव्याला निकषांत बसणाऱ्या फक्त दोन चाचण्या सापडल्या, दोन्ही मिळून 84 रुग्ण. इलेक्ट्रोॲक्युपंक्चरच्या चाचणीत गुडघेदुखी कमी झाली, पण चाचणीचा दर्जा कच्चा होता. दुसऱ्या चाचणीत एकाच बिंदूवर सुई टोचली होती आणि काहीच फरक पडला नाही. 2008 सालच्या एका आढाव्यात आठ चाचण्या होत्या. खोट्या सुयांशी तुलना केलेल्या चाचण्यांत आमवाताच्या वेदनेवर ॲक्युपंक्चरचा खास परिणाम दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 36 रुग्णांच्या एका चाचणीत दहा आठवड्यांनंतर वेदनेचा अंक इलेक्ट्रोॲक्युपंक्चर, साधे ॲक्युपंक्चर आणि खोट्या सुया या तिन्ही गटांत तसाच राहिला, मात्र दाबल्यावर दुखणाऱ्या सांध्यांची संख्या खऱ्या सुयांच्या दोन्ही गटांत घटली.

अशा चाचण्या अवघड का असतात, हेही समजून घ्यायला हवे. गोळीसारखी दिसणारी साखरेची गोळी देता येते, पण खोटी सुई बनवणे सोपे नाही. त्वचेला टेकून मुठीत सरकणाऱ्या बोथट सुया 1998 पासून वापरात आहेत, तरी त्यांचा स्पर्शही चेतांना जाणवतोच. शिवाय सुया टोचणाऱ्याला कोणती सुई खरी हे ठाऊक असते. मोजमापातही एक खाच आहे. आमवाताची तीव्रता मोजणाऱ्या ‘डीएएस-28’ या निर्देशांकात सुजलेले सांधे व रक्तातील दाहाचे प्रमाण असते, तसेच दाबल्यावर दुखणारे सांधे आणि रुग्णाचे स्वतःचे मतही धरले जाते. वेदना कमी जाणवली की हा अंक खाली येतो, मग आतला दाह तसाच असला तरी. म्हणून ॲक्युपंक्चरच्या अभ्यासात केवळ हा अंक घटला, एवढ्यावर समाधान मानू नये. सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी), अल्ट्रासाउंड आणि एक्स-रे काय सांगतात, ते पाहावे.

तरीही या उपचाराला जागा आहे, असे या नोंदीचे मत आहे. मेथोट्रेक्झेटचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि तोवर माणूस दुखणे सोसत असतो. पुष्कळ रुग्णांचा दाह औषधांनी आटोक्यात येतो, पण वेदना, थकवा आणि अपुरी झोप मागे राहते, कारण दीर्घ आजाराने वेदनेची यंत्रणाच हळवी झालेली असते. वेदनाशामक गोळ्यांचा पोट व मूत्रपिंडावरचा भारही विसरता येत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने 2022च्या मार्गदर्शक सूचनांत ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली आहे. नियमित व्यायामाची शिफारस मात्र त्यांनी ठामपणे केली.

धोक्याची खरी जागा सुई नसून औषध सोडणे ही आहे. दुखणे कमी झाले की आजार हटला असे वाटते, गोळ्या बंद होतात आणि बोटे वाकडी होईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. जो चिकित्सक मेथोट्रेक्झेट थांबवायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. सुयांचे थेट दुष्परिणाम बहुधा किरकोळ असतात: थोडे रक्त, काळानिळा डाग, क्वचित चक्कर. छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण हे फार दुर्मिळ आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. म्हणून सुजलेल्या सांध्याच्या आत किंवा कृत्रिम सांध्याजवळ सुई घालू नये, आणि त्वचेत दिवसेंदिवस राहणाऱ्या सुया टाळाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण किंवा हृदयातील पेसमेकर असल्यास ते आधीच सांगावे. पेसमेकर असलेल्यांना विद्युतप्रवाहाच्या सुया लावत नाहीत.

सहा-आठ बैठकांत काहीच फरक जाणवला नाही, तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर तो आमवाताचा उद्रेक समजून सुया लावायला जाऊ नये. सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन सांध्यातले पाणी तपासून घ्यावे लागते.