सोनेरी लायका म्हणजे लाखोंचा माल? आधी खिडक्या बघा

औरंगाबादच्या जुन्या बाजारापासून नांदेड-परभणीच्या ग्रुपपर्यंत वर्षानुवर्षं एकच गोष्ट फिरतीय, की गरुडाचा छाप असलेला सोनेरी लायका (जर्मन कंपनीचा जुना कॅमेरा) म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्याचा कॅमेरा, त्याचे लाखो येतात. नाही हो! जर्मन सैन्याला लायका दिले जायचे हे खरं, पण ते साधे, सोनेरी नव्हेत.

युद्धाआधीचा खरा सोनेरी लायका म्हणजे लक्झस, १९२९ च्या आसपासचा, तो शंभरसुद्धा बनला नाही आणि त्यात रेंजफाइंडर (अंतर बघून फोकस जुळवायची सोय) नव्हताच. त्यामुळं सोनेरी कॅमेऱ्यात लेन्सच्या वर दोन गोल खिडक्या अन् मधे चौकोनी दिसली की तो बहुतेक फेड नाहीतर झोर्की हा सोव्हिएत कॅमेरा समजायचा. फेड म्हणजे लायकाची नक्कल, १९३४ पासून खारकीवला बनायची, अन् पुढं कुणीतरी त्यावर सोनेरी मुलामा चढवून लायकाचं नाव कोरतं.

लेन्स फिरवून काढा, आत वरच्या बाजूला बघा: रेंजफाइंडरवाल्या जुन्या लायकात रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला बारीक गोल चाक असतं, फेडमधे सपाट पाचरीसारखी पट्टी. दुकानदार लेन्स काढू देत नसंल तर सरळ निघून या. फेड वाईट नाही बरं का, चालू असंल तर फेडच्याच भावात घ्या अन् रोल टाकून वापरा.