पुलावरची धडधड दादरपर्यंत का टिकते?

ठाणे स्टेशनचा पूल. खाली इंडिकेटरवर फास्ट लोकलला एकच मिनिट उरलंय. जिना उतरायच्या आधीच काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं. गाडी मिळते, पण अंगातली हुरहुर लगेच जात नाही. क्षणात चढणारं आणि सावकाश उतरणारं असं एकाच शरीरात कसं, हे उलगडायला सव्वाशे वर्षं लागली.

१८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. दोनच वर्षांनी लंडनमध्ये थॉमस ॲडिसन यांनी नोंदवलं, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी बिघडल्या की माणूस खंगत जातो. १९०१ पर्यंत जोकिची ताकामिने यांनी या ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, वेगळं काढलं होतं.

माझ्या मते या कथेतला खरा माणूस हार्वर्डचा वॉल्टर कॅनन. मांजरांचं पचन एक्स-रेखाली पाहताना, मांजर बिथरलं की जठराची हालचालच थांबते हे त्यांनी टिपलं. दुसऱ्या कुणी तो प्रयोगातला अडथळा समजून सोडून दिला असता. कॅनननी तोच धागा धरला आणि १९११ मध्ये भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रेनलिन दाखवून दिलं. ग्रंथीच्या गाभ्यापर्यंत मज्जातंतू थेट पोचतात. त्यांचा इशारा येताच ॲड्रेनलिन रक्तात उतरतं आणि काळीज धडधडू लागतं. गर्भात हा गाभा घडतो तोही मज्जापेशींच्याच कुळातून! मज्जातंतू आणि संप्रेरकं ही दोन वेगळी खाती नाहीतच.

१९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांना दिसलं, की उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असं काहीही सोसावं लागलं तरी परिणाम तेच: ॲड्रिनलची बाहेरची साल वाढते, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. ही साल कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं बनवते. तिला हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी. पण पिट्युटरीला कोण सांगतं? तिच्या लगेच वर असलेल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या मज्जापेशी स्वतःच बारीक रक्तवाहिन्यांत रसायन सोडतात, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस म्हणत होते. ताणाच्या बाबतीतलं ते रसायन वायली व्हेल यांना मेंढ्यांच्या मेंदूत सापडलं, १९८१ साली. ४१ अमिनो आम्लांची साखळी.

इतके टप्पे रक्तातून पार व्हायचे, म्हणून कॉर्टिसॉल मागाहून येतं. ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिगेला पोचतं, म्हणजे गाडी दादरच्या आसपास असताना. मग तेच मेंदूकडे परतून हायपोथॅलॅमसला आणि पिट्युटरीला सांगतं, आता पुरे.