किरणशलाकांचे छायाचित्रण

किरणशलाकांचे छायाचित्रण : ढगांच्या फटींतून, झाडांच्या फांद्यांमधून किंवा डोंगराच्या खिंडीतून उतरणारे उन्हाचे झोत भोवतालच्या निसर्गदृश्यासह टिपण्याची छायाचित्रणातील पद्धती. बोलीत अशा झोताला तिरीप म्हणतात. कवडसा हा शब्द झोताइतकाच, तो जिथे पडतो त्या उजेडाच्या ठिपक्यासाठीही वापरला जातो. किरणशलाका हा प्रकाशाचा प्रकार नसून उजेड आणि सावली यांचे शेजारी उभे राहिलेले पट्टे आहेत. सावलीचे पट्टे नसले तर कितीही तेजस्वी उजेडात शलाका दिसत नाही, आणि या छायाचित्रणातील बहुतेक निर्णय या एका गोष्टीतून निघतात.

निर्मळ हवेतून आडवा जाणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या वाटेत धुक्याचे थेंब, धूळ किंवा धूर असेल, तरच काही प्रकाश बाजूला फेकला जाऊन पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतो. शालेय पुस्तकांतून परिचित असलेला टिंडल परिणाम तो हाच. जॉन टिंडल (१८२०–९३) या आयरिश भौतिकीविज्ञांच्या नावाने तो ओळखला जातो. प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुल्य किंवा तिच्याहून मोठ्या गोल कणांवरून होणाऱ्या प्रकीर्णनाचे (प्रकाश विखुरण्याचे) गणित जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये मांडले. छायाचित्रकाराला त्यातला एक निष्कर्ष फार उपयोगी पडतो : असे कण प्रकाश सगळीकडे सारखा उधळत नाहीत, तर त्यातला बराचसा पुढच्याच दिशेला ढकलतात. त्यामुळे सूर्याकडे किंवा त्याच्या थोडे बाजूला तोंड करून पाहिले तर शलाका झळाळतात, आणि त्याच जागी सूर्याकडे पाठ केली तर तेच रान पांढुरके व सपाट दिसते. (सूर्य पाठीशी असताना समोरच्या धुक्यावर दिसणारे इंद्रवज्र, म्हणजे गोल रंगीत कडे, हा याच्या उलट बाजूचा आविष्कार होय, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्स यांनी ते पाहिल्याची नोंद प्रसिद्ध आहे.)

सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे पृथ्वीवर येणारे त्याचे किरण जवळजवळ समांतर असतात. तरीही ढगाआडून निघणाऱ्या शलाका पंख्यासारख्या फाकलेल्या दिसतात, याचे कारण यथादर्शन. रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे भासतात, तसाच हा भास असतो. रुंद कोनाच्या भिंगाने हा पंखा ठसठशीत येतो, तर सूर्यापासून दूरचा आकाशाचा लहानसा तुकडा टेलिफोटो (दूरचे जवळ आणणाऱ्या) भिंगाने घेतला तर शलाका बऱ्याचशा समांतर उमटतात. सूर्य मावळताना याच शलाका कधीकधी डोक्यावरून पलीकडे जाऊन पूर्वेच्या क्षितिजाकडे पुन्हा एकवटताना दिसतात. सगळ्यांचे कॅमेरे पश्चिमेकडे लागलेले असल्याने हे दृश्य बहुधा कोणी टिपत नाही.

शलाका किती रेखीव दिसेल, हे फटीच्या आकारावर आणि फटीपासूनच्या अंतरावर अवलंबून असते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे प्रत्येक सावलीची कड अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी विरते. दहा मीटर उंचीवरच्या पानांमधली बोटभर फट खाली रेखीव झोत न देता दहा सेंटिमीटरचा मऊ, गोल कवडसा देते. फट तिकोनी असो की वाकडी, कवडसा गोलच पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात महाराष्ट्रातल्या झाडांखाली कवडशांच्या जागी चंद्रकोरी पडल्या, त्या याच कारणाने. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातली फट मात्र शेकडो मीटर रुंद असते आणि तिच्या कडेची वीसेक मीटरची अस्पष्टता नजरेत भरत नाही. म्हणून ढगांतल्या शलाका दुरूनही धारदार दिसतात, तर झाडीत खोडे व जाड फांद्या यांच्यामधल्या हात-दोन हात रुंद फटी शोधाव्या लागतात.

धुके दाट असेल तर प्रकाश थेंबाथेंबांवर पुन्हा पुन्हा आपटून आपली दिशाच हरवून बसतो आणि सगळीकडे दुधी उजेड पसरतो. विरळ असेल तर काहीच दिसत नाही. या दोन्हींमधला काळ बऱ्याचदा थोड्या मिनिटांचा असतो, कारण जे ऊन शलाका उमटवते तेच जमीन तापवून धुके उडवते. पाण्यावर धुके तरंगत असूनही शलाका का मिळत नाहीत, असा प्रश्न भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीच्या पहाटे गेलेल्यांना पडतो. उघड्या पाण्यावर ऊन अडवायला काही नसते, हे त्याचे उत्तर. काठावरच्या बाभळींआडून सूर्य येईल अशी जागा धरली की तेच धुके पट्ट्यापट्ट्यांनी चिरले जाते. धुळीचेही असेच आहे. गोधूलि हा शब्द ज्यावरून आला, ती परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ तिरप्या उन्हात आली की दख्खनच्या कोरड्या माळावर धुक्याची उणीव भरून काढते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या ठिकाणी, पावसाळ्याच्या परतीच्या दिवसांत फुटलेल्या ढगांमधून दऱ्यांत उतरणाऱ्या शलाका हा वेगळा प्रकार. त्यांत पहाटेचे बंधन नसते, पण पुढची फट कोठे पडेल हे सांगता येत नाही.

सूर्याची चाल हिशेबात घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर तो क्षितिजाजवळ ताशी १३ ते १४ अंश चढतो, म्हणजे १० अंश उंचीवर यायला त्याला जेमतेम पाऊण तास लागतो. ६० अंश उत्तरेला विषुवदिनाच्या सुमारास त्याच चढणीला सुमारे ८० मिनिटे लागतात. युरोपीय पुस्तकांतली सोनेरी वेळेची (सूर्य क्षितिजालगत असतानाच्या मऊ उजेडाची) वेळापत्रके इथे फसतात ती यामुळे. शिवाय पुण्याजवळ सूर्योदयाची जागा जून आणि डिसेंबर यांदरम्यान पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत सरकत असल्याने, एखाद्या खिंडीतून ऊन ठराविक झाडावर पडण्याचा योग वर्षातल्या मोजक्याच दिवसांत येतो. प्रत्येक ठिकाणी पहाटच लागते असेही नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नवाहो लोकांच्या भूमीवर असलेल्या ॲन्टिलोप कॅन्यन या अरुंद वालुकाश्मी घळीत शलाका उन्हाळ्याच्या महिन्यांत माध्यान्हीच्या सुमारास पडतात, कारण सूर्य डोक्यावर आल्याशिवाय ऊन घळीच्या तळाशी पोहोचतच नाही. तिथे वाटाडे मूठभर वाळू हवेत उडवून झोत ठळक करतात.

प्रत्यक्ष चित्र घेताना सूर्यबिंब खोडाच्या किंवा जाड फांदीच्या आड लपवण्याला सर्वाधिक महत्त्व आहे. छायाचित्रकार एक-दोन पावले डावी-उजवीकडे सरकला तरी बिंब दिसते-लपते. ते पूर्ण लपले की शलाका खोडातूनच फुटल्यासारख्या पसरतात, आणि भिंगात घुसणाऱ्या थेट उन्हामुळे येणारी धूसरता व रंगीत ठिपके टळतात. बिंब चौकटीच्या किंचित बाहेर असेल तर भिंगावर हूड (आडोशाची कडी) लावावे किंवा हाताची सावली धरावी. पुढच्या काचेवर बोटाचा ठसा असेल तर सगळा खटाटोप वाया जातो. एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या ध्रुवण गाळणीचा (पोलरायझरचा) इथे फारसा लाभ नाही, कारण आकाशातल्या प्रकाशाचे ध्रुवण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक आणि सूर्याच्या जवळ नगण्य असते.

एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण) शलाकेच्या उजळ भागावरून स्पॉट मीटरने, म्हणजे चौकटीतल्या एका लहान ठिपक्याचाच उजेड मोजणाऱ्या सोयीने, मोजावे, किंवा कॅमेऱ्याने सुचवलेल्यापेक्षा एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी ठेवावे. मागची झाडी काळसर राहिली तरच झोत उठून दिसतो. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ते ४००, भिंगाचे छिद्र एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल ही नेहमीची मांडणी. शटर फार वेळ उघडे ठेवले तर सरकणाऱ्या धुक्यात पट्टे पुसले जातात. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या तीन-चार चौकटी जोडण्याची सोय हल्ली सर्रास वापरली जाते, पण सावल्या उजळण्याच्या नादात ती शलाकांनाच मारते, असे अशी चित्रे पाहताना वारंवार जाणवते.

सूर्यबिंबाभोवती चांदणीसारखे टोकदार आरे उमटतात, त्यांनाही सैलपणे किरण म्हटले जाते, परंतु ते हवेत नसून भिंगात तयार होतात. एफ/१६ सारख्या बारीक छिद्राच्या पात्यांच्या कडांवर प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे प्रकाश कडेपाशी वळून पसरल्याने, ते येतात. पात्यांची संख्या सम असेल तर पात्यांइतके आणि विषम असेल तर दुप्पट आरे दिसतात : आठ पात्यांचे आठ, नऊ पात्यांचे अठरा.

अतितेजस्वी आकाश आणि काळोखी जमीन एका चित्रात बसवण्याची अडचण जुनी आहे. १८५६–५७ च्या सुमारास फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव ल ग्रे यांनी सागरदृश्यांसाठी आकाश व पाणी वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका कागदावर छापण्याचा मार्ग काढला. १९४० च्या आसपास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी आखलेली झोन पद्धती एकाच निगेटिव्हवर कोणती छटा कोठे ठेवायची हे आधी ठरवायला शिकवते.

प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः टेलिफोटो भिंग लावून, सूर्याकडे पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच चौकट जुळवावी आणि कॅमेराही विनाकारण बिंबावर रोखून ठेवू नये. झोत दिसावा म्हणून रानात पालापाचोळा पेटवून धूर करणे हा केवळ मूर्खपणा नव्हे, गुन्हाही आहे : राखीव वनांत भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आग लावण्याला मनाई करतात.

संगणकावर शलाका रंगवणेही आता सोपे झाले आहे. अशा चित्रांत रेषा मागे वाढवल्या तर त्या बहुधा सूर्याच्या जागी मिळत नाहीत, झोताच्या वाटेतल्या फांदीची सावली झोतात पडलेली नसते, आणि जमिनीवर जिथे तो टेकतो तिथे कवडसा नसतो.