केश आणि कंगा : शीख धर्मातील न कापलेल्या केसांची पार्श्वभूमी

शीखांच्या अरदाशीत, म्हणजे प्रत्येक धार्मिक प्रसंगी उभे राहून म्हटल्या जाणाऱ्या सामूहिक प्रार्थनेत, केसांचा उल्लेख दोन ठिकाणी येतो. आधी ज्यांनी धर्मासाठी मस्तके दिली, ज्यांच्या कवट्या सोलल्या गेल्या, ज्यांना चरकावर चढवले गेले आणि करवतीने चिरले गेले, आणि तरीही ज्यांनी आपली सिक्खी, म्हणजे शीख धर्मनिष्ठा, ‘केसां सुआसां नाल’, म्हणजे केसांसह अखेरच्या श्वासापर्यंत निभावली, त्या स्त्रीपुरुषांचे स्मरण केले जाते. पुढे जेव्हा परमेश्वराकडे मागणे मागितले जाते, तेव्हा ‘सिक्खी दान’ या पहिल्या मागण्याला लागूनच ‘केस दान’ येते. केस कापायचे नाहीत एवढा साधा नियम असता, तर त्यासाठी दान मागण्याचे कारण नव्हते. श्रद्धावान शीख केसांना गुरूने दिलेली ठेव मानतो आणि ती अखेरपर्यंत सांभाळता यावी म्हणून याचना करतो. ही भावना कशी घडत गेली, हे समजण्यासाठी एखादे धर्मवचन काढून दाखवणे पुरेसे नाही.

वचन नाही असेही नाही. गुरू अर्जनदेवांच्या मारू रागातील एका पदात ‘साबत सूरति दसतार सिरा’ असे शब्द आहेत: अखंड रूप आणि मस्तकावर दस्तार, म्हणजे पगडी. केसांच्या समर्थनार्थ हे वचन सर्वाधिक वेळा उद्धृत होते. मात्र ते संपूर्ण पद अल्लाच्या भक्ताला उद्देशून आहे; नमाज, रोजा, हज यांचा खरा अर्थ आचरणात कसा शोधावा हे त्यात सांगितले आहे, आणि त्या ओघात हे शब्द येतात. त्याच गुरूंच्या सूही रागातील पदात भक्त आपल्या केसांची चवरी करून संतांवर ढाळण्याची इच्छा व्यक्त करतो. दुसऱ्या बाजूला गुरू ग्रंथसाहिबातच कबीरांचा एक श्लोक आहे, जो सांगतो की एकाशी प्रीती जडली की द्वैत सरते, मग हवे तर लांब केस ठेवा, हवे तर डोके पूर्ण भादरा. नव्या धर्मचिन्हाचा थेट आदेश ग्रंथात शोधणाऱ्याला या श्लोकापाशी थांबावेच लागते. शीख भाष्यकारांचे यावर म्हणणे असे की कबीरांचा रोख जटाधारी आणि मुंडित साधूंच्या दिखाऊ वेषावर आहे, आणि खालशाची, म्हणजे दीक्षित शिखांच्या पंथाची, शिस्त हा दहाव्या गुरूंचा स्वतंत्र आदेश आहे. हे म्हणणे मान्य केले, तरी केसांच्या अर्थाचा मोठा भाग ग्रंथाबाहेर, समाजाच्या जगण्यात घडला हे नाकारता येत नाही.

ग्रंथातून येणारे अधिक खोल सूत्र ‘हुकम’ या कल्पनेत आहे. जपजी या प्रार्थनेच्या पहिल्याच पौडीत, म्हणजे कडव्यात, गुरू नानकांनी प्रश्न विचारला आहे की सत्याला सामोरे जाण्याजोगे कसे व्हावे, आणि उत्तर दिले आहे की त्याच्या हुकमाप्रमाणे, त्याच्या मर्जीप्रमाणे चालावे. शरीर जसे मिळाले तसे स्वीकारणे हा त्या मर्जीचाच भाग, असा अर्थ पुढील परंपरेने लावला. याला आजूबाजूच्या आचारांची पार्श्वभूमी होती. संन्यास घेणारा मुंडन करी, जैन साधू केशलोच करी, म्हणजे केस हातांनी उपटी, कानफाटा जोगी कान टोचून मुद्रा घाली, कोणी जटा वाढवून त्यांत राख भरी. वैराग्याचा प्रत्येक मार्ग शरीरावर काहीतरी करून सुरू होत असे. गुरू नानकांनी केशलोच करणाऱ्यांवर टीका केली, तशीच जोग्यांच्या मुद्रा आणि झोळीवरही केली, आणि संसारात राहूनच नाम जपण्याचा मार्ग सांगितला. समाजशास्त्रज्ञ जे. पी. एस. उबेरॉय यांनी या धाग्याचा नेमका विचार केला आहे. त्यांच्या मते खालशाची दीक्षा ही संन्यासदीक्षेची उलटी बाजू आहे: संन्यासी केस टाकून संसार सोडतो, खालसा केस राखून संसारात राहतो. केश आणि कंगा, म्हणजे कंगवा, यांची जोडी त्यांनी एकत्रच वाचली. केस वाढू द्यायचे, पण विंचरून, जूडा बांधून, दस्तारीखाली नीट ठेवायचे. ते जटा होऊ द्यायचे नाहीत. भाई नंदलाल यांच्या नावावर असलेल्या तनखाहनामा या आचारसंहितेत दोन्ही वेळा कंगा करून पाग व्यवस्थित बांधण्याची आज्ञा आहे. नुसत्या केसांकडे पाहणाऱ्याच्या नजरेतून कंगा सुटतो आणि मग सगळा अर्थच निसटतो.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात गुरू गोबिंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. मस्तक मागणाऱ्या गुरूंच्या हाकेला पुढे आलेले पाच जण ‘पंज प्यारे’ म्हणून ओळखले जातात, आणि परंपरेने त्यांची गावे व जाती आवर्जून जपल्या आहेत: लाहोरचे खत्री दयाराम, हस्तिनापूरचे जाट धरमदास, जगन्नाथपुरीचे पाणक्या हिंमतराय, द्वारकेचे छिंबा (कापड छापणारे) मोहकमचंद आणि बिदरचे न्हावी साहिबचंद. शेवटचे नाव महाराष्ट्राच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावे. ज्या समाजाचा पिढीजात व्यवसायच इतरांचे केस उतरवण्याचा, त्या समाजातला, दख्खनेतल्या बिदरचा माणूस केस न उतरवण्याची शपथ घेणाऱ्या पहिल्या पाचांत होता. जातीने ठरवलेली कामे त्या दिवशी अमृताच्या, म्हणजे दीक्षेच्या गोड पाण्याच्या, वाटीपाशी संपली असे शीख सांगतात, तेव्हा साहिबसिंगांचे उदाहरण त्यांना वेगळे शोधावे लागत नाही. ते पुढे चमकौरच्या लढाईत कामी आले.

त्या दिवशी पाच ककार, म्हणजे केश, कंगा, कडा, कच्छेरा (आखूड चोळणा) आणि किरपाण, याच ठरलेल्या सूत्रात सांगितले गेले का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. अठराव्या शतकातील रहितनाम्यांची, म्हणजे आचारसंहितांची, तपशिलात एकवाक्यता नाही, आणि पाचांचे सुटसुटीत सूत्र नंतरच्या काळात पक्के झाले असे डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे. श्रद्धावान शिखांना ते मान्य नाही. पण केसांच्या बाबतीत हा वाद फारसा उरत नाही. जुन्या साधनांत इतर चिन्हांबद्दल गोंधळ असला, तरी केस उतरवू नयेत ही आज्ञा सातत्याने आढळते.

याचा सर्वांत बोलका पुरावा दिल्लीच्या एका भांडणात सापडतो. गुरू गोबिंदसिंगांच्या दरबारातील कवी सेनापती यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या ‘गुरसोभा’त ते विस्ताराने आले आहे. घरात मृत्यू झाला की पुरुषांनी डोके, दाढी, मिशा उतरवायच्या, या विधीला तिकडे ‘भद्दर’ म्हणत. आपल्याकडे दहाव्या दिवशी होणारे क्षौर ते हेच. नव्या खालशाने भद्दर करायचे नाही असे ठरवले, आणि दिल्लीच्या संगतीतील, म्हणजे शीख भक्तमंडळीतील, खत्री कुटुंबांत फूट पडली. एका बाजूचे म्हणणे होते की हा कुळाचार आहे, तो मोडला तर मृताला गती कशी मिळणार आणि बिरादरीत तोंड कसे दाखवणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की गुरूचा हुकूम कुळाचारापेक्षा मोठा आहे. प्रकरण धर्मशाळेतील, म्हणजे तेव्हाच्या गुरुद्वाऱ्यातील, बसण्या-उठण्यापासून बाजार बंद पडण्यापर्यंत आणि सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत गेले. रणांगणावरील शौर्यकथांपेक्षा हे व्यापारी पेठेतले भांडण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सुतकात अशुद्ध झालेले शरीर केस काढून शुद्ध होते, या कल्पनेलाच तिथे नकार दिला गेला होता, आणि त्या नकाराची किंमत नातलगांच्या बहिष्कारातून मोजावी लागत होती. केस ठेवणे म्हणजे केवळ सैनिकी गणवेश नव्हता, हे यावरून दिसते.

गुरू गोबिंदसिंगांचे देहावसान ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेड येथे झाले, आणि तिथूनच बंदासिंग बहादूर पंजाबकडे निघाले. मोगल सत्तेविरुद्धच्या त्यांच्या उठावानंतर केसांना एक नवा, धोक्याचा अर्थ आला. १७१० मध्ये बादशाह बहादूरशाहने सरकारी चाकरीतील हिंदूंनी दाढ्या उतरवाव्यात असा हुकूम काढला, म्हणजे दाढी राखणारा शीख लगेच ओळखू यावा. जून १७१६ मध्ये बंदासिंगांना दिल्लीत ठार करण्यात आले. पुढे लाहोरचा सुभेदार झकेरियाखान याच्या काळात शिखांच्या मस्तकावर बक्षिसे लागली. ज्याला लपायचे त्याने केस उतरवले की पुरे होते. याच काळातील भाई तारूसिंग हे पूहला गावचे शेतकरी होते. रानात लपलेल्या शिखांना अन्न पुरवल्याच्या आरोपावरून त्यांना लाहोरला नेले, आणि केस देण्यास त्यांनी नकार दिल्यावर १७४५ मध्ये त्यांची कवटी सोलण्यात आली. ही कथा सविस्तर लिहिली गेली ती जवळजवळ शतकभराने, रतनसिंग भंगू यांच्या पद्य इतिहासात, त्यामुळे तिच्यातील संवाद आणि चमत्कार जसेच्या तसे धरता येणार नाहीत. पण अरदाशीतील ‘खोपरीआं लुहाईआं’ हे शब्द याच स्मृतीतून आले आहेत, आणि प्रत्येक गुरुद्वाऱ्यात ते रोज उच्चारले जातात.

रणजितसिंगांच्या राज्यात हा ताण सैल झाला. केसधारी आणि सहजधारी, म्हणजे केस न ठेवता गुरूंना मानणारे, शेजारी शेजारी नांदत होते. एकाच घरात थोरला मुलगा केसधारी आणि धाकटा नाही, असेही पंजाबात चालत असे. सिंधी नानकपंथी हा त्याच सहजधारी प्रवाहाचा भाग, आणि उल्हासनगरसारख्या ठिकाणी आज जे सिंधी दरबार दिसतात, त्यांतल्या अनेकांत गुरू ग्रंथसाहिब असतो पण भक्तांच्या डोक्यावर केस राखलेले नसतात, याचे मूळ इथे आहे. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांनी आपल्या राज्याला जोडला. पदच्युत झालेले बालमहाराज दलीपसिंग यांनी १८५३ मध्ये केस कापून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ही घटना शिखांच्या जिव्हारी लागली. दुसरीकडे त्याच इंग्रजांनी शीख पलटणींत भरती होणाऱ्यांनी अमृत घेऊन केस राखावेत असा आग्रह धरला. लष्कराला ओळखू येण्याजोगा, शिस्तीतला ‘खरा शीख’ हवा होता. वसाहतीच्या सोयीने एका धर्मचिन्हाला बळ मिळाले, ही विसंगती आहे. पण ते चिन्ह इंग्रजांनीच घडवले असे म्हणणे मात्र दिल्लीच्या भांडणाकडे डोळेझाक केल्याशिवाय जमणार नाही.

१८७३ मध्ये अमृतसरला मिशन शाळेतील चार शीख विद्यार्थी ख्रिस्ती होण्याच्या बेतात असल्याची बातमी पसरली, आणि तिथे पहिली सिंग सभा, म्हणजे शीख सुधारकांची संघटना, उभी राहिली. १८७९ मध्ये लाहोरची सभा निघाली. शीख म्हणजे कोण, ही सीमारेषा या चळवळीने आखायला घेतली. तिला धार आली ती आर्य समाजाच्या शुद्धी मोहिमेमुळे. १९०० मध्ये लाहोरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या रहतिया शिखांची जाहीर शुद्धी करण्यात आली, आणि तिचा भाग म्हणून त्यांचे केस आणि दाढ्या उतरवण्यात आल्या. शिखांना हा उघड अपमान वाटला. त्याचबरोबर एक अवघड प्रश्नही पुढे आला: साहिबचंद न्हाव्याला साहिबसिंग करणाऱ्या पंथात रहतियांना बरोबरीची वागणूक मिळाली असती, तर ते तिकडे गेले असते का? सुधारकांनी हा प्रश्न टाळला नाही, हे नोंदवायला हवे.

गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती १९२० मध्ये स्थापन झाली आणि तिने १९४५ मध्ये शीख रहत मर्यादा ही आचारसंहिता संमत केली. तिच्यानुसार अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शिखाच्या चार कुरहितांत, म्हणजे सर्वांत गंभीर दोषांत, पहिला दोष केस कापण्याचा आहे. तो घडला तर पुन्हा अमृत घ्यावे लागते. दाढी रंगवणे हाही दोष आहे, पण तो हलका, प्रायश्चित्ताने फिटणारा. लहान मुलाचे जन्मापासूनचे केस जपावेत अशी आईवडिलांना सूचना आहे, त्यामुळे जावळ काढण्याचा संस्कार शीख घरात होत नाही. बायकांनाही हाच नियम आहे, हे बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अखंड कीर्तनी जथा हा शीख गट तर ककार म्हणून केसांऐवजी केसकी, म्हणजे छोटी पगडी, मानतो आणि ती स्त्रियांनीही बांधावी असे सांगतो. केस शरीराबरोबरच येतात, ककार मात्र धारण करायची वस्तू असते, हा त्यांचा युक्तिवाद आहे.

१९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत आणि इतरत्र शिखांची हत्याकांडे झाली तेव्हा जमावांनी लोकांचे केस बळजबरीने कापले, आणि कित्येकांनी जीव वाचवण्यासाठी स्वतःच्या हाताने कापले. झकेरियाखानाच्या काळातली परिस्थिती राजधानीत पुन्हा उभी राहिली होती, आणि ज्यांनी केस उतरवले त्यांना पुढे मनातल्या अपराधीपणाशीही झगडावे लागले.

कायद्याने केसांना वेगवेगळ्या काळात वेगवेगळे स्थान दिले आहे. १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्यातील शपथेत गुरू ग्रंथसाहिब, दहा गुरू आणि अन्य धर्म नसणे एवढेच होते, केसांचा उल्लेख नव्हता. १९७१ च्या दिल्लीच्या कायद्याने मात्र शिखाच्या व्याख्येतच न कापलेले केस घातले. ब्रिटनने १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकलच्या हेल्मेटपासून सूट दिली, आणि भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आहे. २००९ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयासमोर प्रकरण आले ते भुवया कोरलेल्या विद्यार्थिनीचे, जिला प्रबंधक समितीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शीख कोट्यातून प्रवेश नाकारला गेला होता. केस अखंड राखणे हे शीख धर्माचे मूलभूत अंग आहे असे ठरवून न्यायालयाने महाविद्यालयाची बाजू उचलून धरली. सहजधारींना प्रबंधक समितीच्या निवडणुकीत असलेला मतदानाचा हक्क केंद्राने २००३ मध्ये अधिसूचनेने काढून घेतला. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती अधिसूचना रद्द केली, आणि अखेर २०१६ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून तो हक्क २००३ पासूनच नव्हता असे ठरवले. रणजितसिंगांच्या पंजाबात ज्या घरातला थोरला केसधारी आणि धाकटा सहजधारी होता, त्या घरातल्या धाकट्याला आज अमृतसरच्या त्या निवडणुकीत मत नाही.