द्रावकाची ध्रुवीयता: एका आकड्यात न मावलेला गुणधर्म

‘समानात समान विरघळते’ हे किमयागारांच्या काळापासूनचे सूत्र. वाद आहे तो हे साम्य, म्हणजे रसायनशास्त्रात जिला ध्रुवीयता म्हणतात ती, मोजायची कशी, याचा.

१८९० मध्ये रशियात एकाच अभिक्रियेचा वेग तेवीस द्रावकांत मोजला गेला. द्रावक बदलला की वेग शेकडो पटींनी बदलत होता. १८९३ मध्ये दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले, की डायलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभारांमधले आकर्षण द्रव किती पटींनी कमी करतो, याचे माप) मोठा असेल त्या द्रावकात क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सहज सुटे होतात. तेव्हापासून हा स्थिरांक म्हणजेच ध्रुवीयता, असे समीकरण रूढ झाले: पाणी ७८, मिथेनॉल ३३, ॲसिटोन २१, ईथर ४.३, हेक्झेन १.९. आयनांपुरते ते बरेच खरे आहे. मीठ मिथेनॉलमध्ये थोडे तरी विरघळते, हेक्झेनमध्ये मुळीच नाही.

या समीकरणाला पहिला धक्का देतो तो डायऑक्सेन. त्याचा स्थिरांक २.२, म्हणजे बेंझिनच्या २.३ च्या जवळपास. तरी बेंझिन पाण्यावर वेगळा थर धरते आणि डायऑक्सेन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. उलट नायट्रोमिथेनचा स्थिरांक ३६, मिथेनॉलपेक्षाही जास्त, पण ते पाण्यात मर्यादेपलीकडे मिसळत नाही. डायऑक्सेनच्या रेणूतल्या दोन बाजूंचे डायपोल (धन आणि ऋण टोकांच्या जोड्या) एकमेकांना जवळजवळ रद्द करतात, म्हणून स्थिरांक लहान राहतो. तरीही त्याचे दोन्ही ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध जोडायला मोकळेच असतात. डायलेक्ट्रिक स्थिरांक हा संपूर्ण द्रवाचा गुणधर्म आहे. विरघळणाऱ्या रेणूची गाठ मात्र पडते ती शेजारच्या रेणूंशी.

म्हणून १९६३ मध्ये जर्मनीत वेगळी वाट धरली गेली: द्रावकातच एक रंगद्रव्य टाकायचे आणि त्याचा रंग पाहायचा. ते मिथेनॉलमध्ये लाल, इथेनॉलमध्ये जांभळे, ॲसिटोनमध्ये हिरवे दिसते. रंगावरून काढलेला आकडा पाण्यासाठी ६३, मिथेनॉलसाठी ५५, डायमिथाइल सल्फॉक्साइडसाठी ४५. डायलेक्ट्रिक स्थिरांकाच्या तक्त्यात शेवटच्या दोघांचा क्रम नेमका उलटा आहे (३३ आणि ४७). कारण या रंगद्रव्याचा ऋणभारित ऑक्सिजन उघडा असतो आणि धनभार आत दडलेला. हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देणारे द्रावक त्याला ठळक जाणवतात, घेणारे जवळपास नाहीतच. डायऑक्सेनला या मापनातही ३६ च मिळतात, बेंझिनला ३४.

यानंतर मोजपट्ट्यांची रीघ लागली आणि १९९४ मध्ये परिभाषा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने व्याख्या केली. तिचा आशय असा: ध्रुवीयता म्हणजे रेणू आणि आयनांना द्रावकाने वेढून धरण्याची एकूण क्षमता, त्यात रासायनिक बदल घडवणाऱ्या क्रिया वगळून सर्व आंतररेण्वीय बले धरायची. व्याख्या प्रामाणिक आहे, कारण कोणताही एक आकडा तिने सिंहासनावर बसवला नाही. पण द्राव्यतेच्या दृष्टीने मला ती अपुरी वाटते. पदार्थ का विरघळला, तर द्रावक ध्रुवीय म्हणून. ध्रुवीय का, तर तो विरघळवतो म्हणून. या वर्तुळातून भाकीत निघत नाही.

भाकिताची गरज रंग आणि लेप बनवणाऱ्यांना आधीपासूनच होती. १९३० च्या दशकात द्रवाच्या रेणूंमधल्या एकूण आकर्षणावरून एक आकडा काढला जाई. १९६७ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याचे तीन तुकडे झाले: विक्षेपण बल (सर्वच रेणूंमध्ये असणारे क्षीण आकर्षण), ध्रुवीय बल आणि हायड्रोजन बंध. पदार्थ आणि द्रावक हे तिन्ही अक्षांवर जवळ आले, तर विरघळण्याची शक्यता मोठी. नायट्रोसेल्युलोज (कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ) नुसत्या ईथरमध्ये किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही, मिश्रणात विरघळते, हे १८४० च्या दशकापासून माहीत होते. त्याचा उलगडा इथे झाला: मिश्रणाचा बिंदू दोन्ही द्रावकांच्या मध्ये, नायट्रोसेल्युलोजच्या जवळ पडतो.

आज घातक द्रावकांना पर्याय शोधताना याच तीन आकड्यांनी उमेदवार चाळले जातात. युरोपात २०२३ च्या अखेरीपासून डायमिथाइल फॉर्मामाइडच्या वापरावर निर्बंध आल्यावर हा शोध आणखी निकडीचा झाला. आयनिक द्रवांनी मात्र जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. त्यांच्यात आयनांखेरीज काही नसते, तरी अनेकांचा डायलेक्ट्रिक स्थिरांक १० ते १५ च असतो. त्यांतला एक बहुचर्चित द्रव रंगद्रव्याच्या मापनात इथेनॉलच्या बरोबरीला येतो आणि तरीही पाण्यापासून वेगळा थर धरतो.