कोरडा सायलेन्सर आणि ओला सायलेन्सर: इंजिनला पाणी आहे म्हणजे सायलेन्सर ओला होत नाही ओ

"दादा, आपलं बोटीचं इंजिन तर वॉटरकूल आहे, मग सायलेन्सर ओलाच झाला की." हे मला पहिल्यांदा करमाळ्याकडचा मावसभाऊ म्हणाला, आणि त्यानंतर इतक्या जणांनी तेच ऐकवलंय की म्हटलं आता एकदाच सगळं लिहून टाकावं. माझं सोलापुरात अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ग्रिल, ट्रॉल्या हे रोजचं काम, बोटीचा माझा धंदा नाही. पण उजनी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मागे पसरलेल्या पाण्याच्या काठाला, आमची निम्मी सोयरीक राहते, त्यामुळे दर दोनचार महिन्याला कोणीतरी काळा झालेला पाईप पिशवीत घालून येतं आणि म्हणतं आवाज कमी कर.

तर आधी घोळ सोडवू. आपल्याकडच्या बऱ्याच बोटींवर जे शेतीपंपाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं त्याला गार करायला पाणी लागतं, शेतात आपण बाजूला बॅरल ठेवतो, बोटीवर बॅरलची गरजच नाही, छोट्या पंपाने धरणाचं पाणी उचलायचं, सिलिंडरच्या जॅकेटमधून, म्हणजे भोवतीच्या पोकळीतून फिरवायचं आणि बाजूने परत धरणात सोडायचं. हे झालं वॉटरकूल. या पाण्याचा आणि धुराचा आयुष्यात कधी संबंध येत नाही, दोघांमध्ये लोखंडाची भिंत आहे. धूर आपला वेगळ्या पाईपने चारशे साडेचारशे डिग्रीने तापलेला बाहेर पडतोय, आणि त्या पाईपला जो डबा लावतो तो कोरडा सायलेन्सर. इंजिन वॉटरकूल, सायलेन्सर कोरडा, दोन्ही एकाच बोटीवर सुखाने नांदतात.

ओला सायलेन्सर कधी म्हणायचा? जॅकेटमधून फिरून आलेलं तेच पाणी बाजूला न सोडता थेट धुराच्या पाईपमध्ये घुसवलं तर. इंजिनमधून निघालेला पाईप आधी वर चढवतात, मग बेंड देऊन खाली वळवतात, आणि खाली उतरणाऱ्या भागात पाणी सोडतात. तिथून पुढे धूर आणि पाणी एकत्र, एक्झॉस्टसाठीच बनवलेल्या जाड रबरी होजमधून एका बंद डब्यात येतात, त्या डब्याला बोटवाले वॉटरलॉक म्हणतात, तळाशी पाणी साचतं आणि धुराचा दाब ते पाणी ढकलत वर चढवून मागच्या बाजूने पिचकारीसारखं बाहेर फेकतो. मोठ्या लाँचच्या मागे थुकथुक करत पाणी पडताना बघितलं असेल, तेच ते.

आता आवाज नेमका कशाने कमी होतो यात खरी मजा आहे. बहुतेकांना वाटतं पाण्यात आवाज बुडतो. तसं नाही. फोर स्ट्रोक एक सिलिंडर इंजिन 1500 आरपीएमला मिनिटाला 750 वेळा म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा धूर बाहेर टाकतं, प्रत्येक वेळी एक धक्का, आणि आपल्याला ऐकू येते ती फटफट म्हणजे त्या धक्क्यांची रांग. गरम वायू फुगलेला असतो म्हणून धक्का मोठा. साडेचारशे डिग्रीचा धूर पाणी मारून साठ डिग्रीवर आणला की त्याचं आकारमान निम्म्याहूनही कमी होतं, धक्का तिथेच मऊ पडला. आणि दुसरी गोष्ट, गरम वायूत आवाज सेकंदाला साधारण 540 मीटर धावतो, साठ डिग्रीला 365 च्या आसपास. आवाजाचा वेग कमी म्हणजे लाटेची लांबी कमी, आणि सायलेन्सरचा रिकामा डबा सगळ्यात चांगलं काम करतो तो त्याची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी असली की. 100 हर्ट्झचा घुमणारा सूर दाबायला कोरड्यात साधारण 1.35 मीटरचा डबा लागेल, ओल्यात 90 सेंटीमीटरमध्ये काम होतं. म्हणजे ओल्याला लहान डबा पुरतो आणि तोच डबा कोरड्यात लावला की म्हणतात, तुझा सायलेन्सर बेकार आहे. डबा बेकार नसतो ओ, तो गार धुरासाठी मापलेला असतो.

मग सगळ्यांनी ओलाच लावावा की? मीही हेच म्हणालो होतो, आणि तिथेच माझी फजिती झाली.

मावसभावाच्या बोटीवर मी मोठ्या हौसेने ओला बसवला. बेंड केला, पाणी जोडलं, पत्र्याचा वॉटरलॉक वेल्डिंग करून ठेवला, पहिले दोन दिवस बोट इतकी गप्प चालली की काठावरचे म्हणायला लागले इंजिन बदललं का काय. तिसऱ्या दिवशी सकाळी थंडीत इंजिन लागेना. भाऊ हँडल मारतोय, मारतोय, खटका पाडतोय, परत मारतोय. दहा वेळा तरी झालं असेल. आता यात होतं काय, हँडल फिरलं की पाण्याचा पंपही फिरतो, पाणी धुराच्या पाईपमध्ये येतच राहतं, पण इंजिन पेटलेलं नाही म्हणजे धूर नाही, ढकलणारं कोणी नाही, वॉटरलॉक भरला, रबरी पाईप भरला, आणि पाणी उलटं चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरलं. शेवटचं हँडल निम्म्यात भिंतीला धडकल्यासारखं थांबलं. पाणी दबत नाही. नशीब हाताने फिरवत होता, बॅटरीचा स्टार्टर असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. इंजेक्टर काढून परत हँडल फिरवलं तर वरच्या भोकातून धरणाचं पाणी कारंज्यासारखं आलं. भाऊ माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाला, "काय करलालास बे." ऑईलही बदलावं लागलं, पांढरट चहासारखं झालं होतं.

चूक शंभर टक्के माझी. इंजिन लागत नसेल तर पाण्याचा कॉक बंद करून हँडल मारायचं आणि इंजिन पेटलं की लगेच उघडायचा, हे मी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. दुसरी चूक, वॉटरलॉक लहान केला. इंजिन बंद केल्यावर वर चढलेल्या पाईपमधलं सगळं पाणी परत डब्यात येतं, तेवढं पोटात मावून वर जागा उरली पाहिजे. आणि तिसरी, जी आपल्या शेतकऱ्याला खरं तर पाठच असते, सायफन, म्हणजे पाईप भरला की पाणी आपोआप खालच्या बाजूला ओढलं जाणं. धुराच्या पाईपमध्ये पाणी सोडायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान 15 सेंटीमीटर वर पाहिजे, तीही बोट माणसांनी आणि जाळ्यांनी भरलेली असताना मोजायची, रिकामी असताना नाही. तेवढी उंची मिळत नसेल तर पाण्याचा पाईप आधी पातळीच्या फूटभर वर नेऊन तिथे हवा घेणारा व्हॉल्व्ह टाकायचा. नाहीतर रात्री बोट काठाला बांधून तुम्ही घरी भाकरी खाताय आणि धरण हळूहळू तुमच्या इंजिनमध्ये उतरतंय.

त्यात उजनीचं पाणी म्हणजे वेगळंच प्रकरण. चांगल्या पावसाळ्यानंतर शंभर टक्क्यांच्या वर, आणि उन्हाळ्यात आपण रोज बातम्या बघतो, उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्यात. मायनसमध्ये गेली की काठाला नुसता गाळ, कुठे जलपर्णी, पंपाची जाळी चोंदते, पाणी बंद पडलं की ओल्या सायलेन्सरचा रबरी पाईप काही मिनिटात जळायला लागतो. कोरड्याला याचं काही देणंघेणं नाही. अर्थात पाणी बंद पडल्यावर वॉटरकूल इंजिनही तापणारच आहे, पण होज जळून बोटीत धूर आणि पाणी दोन्ही येणं हे त्याच्यावर आणखी.

आता कोरड्याकडे येऊ. कोरडा म्हणजे बुलेटच्या पुंगळीचा मोठा भाऊ. आत दोन प्रकार असतात आणि इथेही लोक गोंधळतात. एकात रिकामे कप्पे असतात, धक्का एका कप्प्यात जाऊन आपटतो, परत फिरतो, पुढच्या धक्क्याला कापतो, हा खालचे जाड सूर मारतो. दुसऱ्यात जाळीदार पाईपभोवती ग्लासवूल भरलेली असते, ती वरचे तीक्ष्ण सूर पिते. एक सिलिंडर डिझेलचा त्रास जाड सुराचा असतो, म्हणून नुसती ग्लासवूल भरून आणलेला डबा लावला की फटफट तशीच राहते, फक्त धारदारपणा जातो. मी आधी कप्पे आणि मग शेवटी थोडी ग्लासवूल असं करतो, आणि डबा सिलिंडरच्या किमान दहापट धरतो, म्हणजे 600-650 सीसीचं इंजिन असेल तर सहा साडेसहा लिटरच्या खाली जात नाही. तळाला सहा एमएमचं एक भोक ठेवायचं, कारण धुरात पाण्याची वाफ असते, डबा गार झाला की तिचं पाणी होतं, धुरातल्या वायूंनी ते आंबट होतं आणि पत्रा आतून खाऊन टाकतं. पाईप उभा असेल तर वर ट्रॅक्टरसारखी झाकणी. आणि पाईपला ग्लासफायबरची पट्टी गुंडाळायचीच, एप्रिल-मेमध्ये सोलापुरात आधीच बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, त्यात चारशे डिग्रीचा पाईप मांडीपासून वीतभर अंतरावर, शेजारी डिझेलचा कॅन. भाजलेले पाय बघितलेत मी. जुनी माणसं ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, ती आता हातातही घेऊ नका, तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

डबा कुठलाही लावा, मागचा दाब, म्हणजे धुराला बाहेर पडताना होणारा अडथळा, मोजा. जास्त कप्पे, बारीक पाईप, खूप बेंड केले की आवाज मस्त कमी होतो आणि इंजिनचा जीव गुदमरतो, काळा धूर, ताकद कमी, व्हॉल्व्ह जळतो. मोजायला महागडं काही लागत नाही, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्यायची, यू आकारात पट्टीवर बांधायची, निम्मी पाण्याने भरायची. सायलेन्सरच्या आधी पाईपला छोटा निपल वेल्ड करून त्याला मीटरभर तांब्याची नळी लावायची म्हणजे उष्णता तिथेच मरते, आणि मग प्लॅस्टिकची. बोट भरून, पूर्ण थ्रॉटलला, खोल पाण्यात चालवायची, काठाला बांधून रेस करून काही कळत नाही. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक पडेल तो तुमचा दाब, दहा सेंटीमीटर म्हणजे साधारण एक किलोपास्कल. इंजिनच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असते, त्याच्या आत राहायचं. ओल्यालाही हाच नियम, उलट तिथे पाणी वर चढवायला लागणारा दाब आधीच खर्च झालेला असतो.

इथेच तो तिसरा जुगाड येतो जो प्रत्येकाला सुचतो, पाईपचं तोंड सरळ पाण्यात बुडवायचं. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लटकवलेल्या मोटारीत धूर पंख्याच्या मधून पाण्यातच सोडतात ना, मग आपण का नाही? कारण ती मोटार त्यासाठीच बनवलेली असते, बोट पुढे जाताना पंख्यामागे पाणी ओढलं जातं, शिवाय मंद चालताना धूर निघायला पाण्याच्या वर वेगळं भोक असतं. आपण फूटभर पाईप बुडवला की तीस सेंटीमीटर पाण्याचा म्हणजे जवळपास तीन किलोपास्कलचा दाब फुकटात अंगावर घेतला, आणि इंजिन बंद केलं की पाईपमधला धूर गार होऊन आकसतो आणि पाणी आत ओढतो. मासेमारी करणाऱ्याने तर हे करूच नये, कारण हवेतला आवाज तुम्ही पाण्यात नेऊन सोडताय, आणि चिलापीला ऐकू येतात ते खालचेच जाड सूर.

आवाज किती कमी पाहिजे याचं माप हवं असेल तर युरोपात 10 किलोवॅटपर्यंतच्या, म्हणजे साधारण तेरा एचपीपर्यंतच्या हौशी वापराच्या बोटीला बाजूने जाताना 25 मीटरवरून 67 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 आहे. तोंड उघडं असलेलं इंजिन यातल्या कशाच्याच जवळपास जात नाही. आणि पहाटेचं पाणी म्हणजे लाउडस्पीकरच, पाण्याला लागून गार हवा आणि वर गरम हवा असली की आवाज वर जायच्याऐवजी वाकून परत खाली येतो, म्हणून पलीकडच्या इंदापूरच्या काठावरची बोट आपल्या उशाशी वाजल्यासारखी वाटते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या लूमच्या खडखडीत वाढलेला माणूस मी, पण पहाटे साडेचारला तिथली फटफट मलाही सहन झाली नाही.

माझं विचाराल तर उघडी मासेमारीची बोट, हँडलचं इंजिन, गाळाचं पाणी, तिथे कोरडाच, मोठा डबा आणि गुंडाळलेला पाईप. ओला तिथे, जिथे इंजिन फळ्यांखाली बंद आहे, वर पर्यटक बसलेत, तापलेला पाईप आत फिरवणं धोक्याचं आहे, सेल्फस्टार्ट आहे आणि जाळी रोज साफ करणारा एक शहाणा माणूस आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला नेणाऱ्यांना तरी तो परवडेल असं मला वाटतं, नाहीतर पक्षी उडू नयेत म्हणून शेवटचं अंतर इंजिन बंद करून बांबूने ढकलत जावं लागतं.

मावसभावाचा ओला मी काढला आणि सात लिटरचा कोरडा बसवला. ओल्याएवढा गप्प नाही, पण आता बोलताना ओरडावं लागत नाही. गंमत म्हणजे फटफट कमी झाल्यावर खालून नवीन खणखण ऐकू यायला लागली, भाऊ म्हणतो तुझा डबाच वाजतोय. नाही वाजत. इंजिन बसवलेला चॅनल थेट लाकडावर बोल्टने आवळलाय, मध्ये रबर नाही, ती खणखण आधीही होती, फटफटीत दबलेली होती. पुढच्या रविवारी चार रबर घेऊन जातोय, तोपर्यंत त्याला म्हटलं डब्याला हात लावू नको.