कॉलबॅकमधील ऑब्जेक्ट-संदर्भ

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत एखाद्या ऑब्जेक्टची मेथड (त्याचे स्वतःचे फंक्शन) कॉलबॅक म्हणून, म्हणजे योग्य वेळी चालवण्यासाठी, दुसऱ्याच्या हाती दिली की तिच्यातील 'धिस' (चालू ऑब्जेक्ट दाखवणारा शब्द) मूळ ऑब्जेक्टपासून सुटतो. तो सुटू न देण्याच्या पद्धतींचा विचार या विषयात येतो. साध्या फंक्शनमधील धिस हा फंक्शन कुठे लिहिले यावर नव्हे, कसे बोलावले यावर ठरतो.

रावेरचे केळीचे भाव दाखवणारे वेबपान घेऊ. केळीभाव या ऑब्जेक्टमध्ये 'दर' ही प्रॉपर्टी (साठवलेले मूल्य) आणि 'दाखव' ही मेथड आहे (जावास्क्रिप्टला अशी देवनागरी नावे चालतात). केळीभाव.दाखव() असे बोलावले की डॉटच्या डावीकडचा ऑब्जेक्ट धिस होतो आणि दर मिळतो. सेटटाइमआउट(केळीभाव.दाखव, 5000), म्हणजे 5000 मिलिसेकंदांनी चालवणारा टायमर, असे लिहिले तर मात्र नुसते फंक्शन पुढे जाते. पाच सेकंदांनी ब्राउझर ते चालवतो तेव्हा धिस म्हणजे विंडो, ब्राउझरचा ग्लोबल (सगळीकडून दिसणारा) ऑब्जेक्ट. त्यात दर नसल्याने पानावर 'भाव: अनडिफाइन्ड' (मूल्यच नाही) उमटते. कन्सोलमध्ये एरर नसतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. त्याच नावाचा ग्लोबल 'व्हार' (चल) असेल तर स्थिती आणखी वाईट: भलताच भाव दिसतो आणि तो खरा वाटतो.

बोलावणारा बदलला की धिसही बदलतो. ब्राउझरचा टायमर स्ट्रिक्ट मोडमधील (कडक नियमांच्या) फंक्शनलाही विंडोच देतो, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) टायमरचा स्वतःचा ऑब्जेक्ट मिळतो. क्लासमधील (ऑब्जेक्टच्या साच्यातील) कोड नेहमी स्ट्रिक्ट असतो. त्यातील मेथड फॉरईचला (यादीतील प्रत्येक घटकासाठी फंक्शन चालवणाऱ्या मेथडला) दिली तर धिस अनडिफाइन्ड असतो आणि टाइपएरर येतो. फॉरईचचा दुसरा आर्ग्युमेंट (धिस काय असावा ते सांगणारे मूल्य) देऊन ते टाळता येते. इव्हेंट लिसनरमध्ये (क्लिकसारख्या घटनेवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) धिस म्हणजे लिसनर ज्यावर लावला तो घटक. क्लिक आतल्या घटकावर झाले तरीही.

पूर्वी 'व्हार सेल्फ = धिस' असे लिहून, म्हणजे धिस आधीच दुसऱ्या नावात जपून, काम भागवत. भाषेच्या 2009 च्या पाचव्या आवृत्तीत धिस कायमचा बांधून देणारे बाइंड आले, 2015 मध्ये बाणासारख्या चिन्हाने लिहिले जाणारे अ‍ॅरो फंक्शन. अ‍ॅरोला स्वतःचा धिस नसतो. तो भोवतालचा घेतो. म्हणून कॉलबॅक अ‍ॅरोत लिहावा, पण ऑब्जेक्टची मेथडच अ‍ॅरोत लिहू नये. टायमरसाठी () => केळीभाव.दाखव() हे सर्वांत सुवाच्य. मेथड नंतर बदलली तर अ‍ॅरो नवी चालवतो, बाइंड मात्र जुनीच धरून ठेवतो.

बाइंड दरवेळी नवे फंक्शन देतो, हे बहुतेक जण विसरतात. जळगाव, धुळे, नंदुरबार असा जिल्हा बदलताना प्रत्येक वेळी बाइंड करून लिसनर लावला, तर लिसनर काढणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनरला पुन्हा बाइंड केलेले फंक्शन दिल्याने जुना निघत नाही. लिसनर साचतात, एका क्लिकला तीन-चार विनंत्या जातात आणि खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवर पान अडकते. बाइंड कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एकदाच करून प्रॉपर्टीत ठेवावे व लावताना-काढताना तेच द्यावे. किंवा ऑब्जेक्टला हँडलइव्हेंट नावाची मेथड देऊन अख्खा ऑब्जेक्टच लिसनर म्हणून लावावा: धिस आपोआप तोच ऑब्जेक्ट राहतो आणि काढतानाही तोच पुरतो.